काळीचं माहेर

तुपात डिंक फुलला की त्याचा वास मेहरूणमधल्या माझ्या दोन खोल्यांतून दिवसभर हलत नाही. आज लाडू वळताना धरणगावची काळी कुत्री आठवली.

पहिल्यांदाच व्यायला झाली होती ती. सासूबाईंनी कपाशीच्या खोलीतला कोपरा सारवून तिच्यासाठी मऊ गोधडी अंथरली. म्हणाल्या, "पहिलं बाळंतपन माहेरलेच जोयजे. तिले कोन शे? आपनच तिनं माहेर." आळीतल्या पोरांनी घरोघर फिरून पीठ-गूळ मागून आणला, त्याचा शिरा झाला.

आणि काळी व्याली ती शेजाऱ्यांच्या पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांच्या ढिगामागे! आम्ही सगळे हसलो. सासूबाई मात्र शिऱ्याचं पातेलं घेऊन रिकाम्या गोधडीशी बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "जाऊ दे. तिले जठे बरं वाटनं, तठे."

मघाशी पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, दवाखाना इथे जवळ आहे, बाळंतपण इथेच करते. लाडू तेवढे कुरिअरने पाठव."

"बरं," म्हटलं.

कालच बांधलेला पाळणा पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. रिकामा पाळणा हलू देऊ नये म्हणतात. मी उठून पंखा बंद केला.