ग्रंथालयातली एकच प्रत

एम.एस्सी.ला असताना मी रोज अंबडहून एसटीने जालन्याला जायचे. बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली आले होते, त्यामुळे इथेही पहिला नंबर आपलाच असं मी धरून चालले होते. क्लासिकल मेकॅनिक्सच्या दुसऱ्याच आठवड्यात सरांनी गणित घातलं. एक उभं कडं आपल्या उभ्या व्यासाभोवती फिरतंय, त्यात मणी ओवलाय. तो कुठे स्थिर राहील? बळांच्या आकृत्या काढत मी दोन पानं भरली आणि एका वजाच्या चिन्हापाशी अडकले. माझ्या मागे मंठ्याची एक मुलगी बसायची. तिच्या घरी मेंढ्या होत्या. जालन्यात खोली करून राहायची, फारसं बोलायची नाही. ती फळ्याशी गेली, एकच कोन धरला, गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा केली आणि सहा-सात ओळींत उत्तर काढलं. कडं हळू फिरलं तर मणी तळाशीच राहतो, वेग एका मर्यादेपलीकडे गेला की वर चढतो.

"असं बघायला शिका," सर म्हणाले. बोलताना त्यांची नजर माझ्याकडे होती.

तेव्हापासून तिचं काहीच मला बघवेना. तिची खाडाखोड नसलेली वही तर नाहीच नाही. मला बारावीपासून शिकवण्या होत्या, तिला एकही नव्हती, हे कळल्यावर तर मी दोन दिवस धड जेवले नाही.

सरांनी सांगितलेल्या जाडजूड पुस्तकाची ग्रंथालयात एकच प्रत होती. ती मी घेतली आणि तारीख वाढवत वाढवत सत्रभर घरी ठेवली. निम्मी प्रकरणं उघडलीसुद्धा नाहीत. पुस्तक कुणाकडे आहे, असं तिने एकदा मला विचारलं. माहीत नाही, म्हणाले.

तरी पेपरात तीच पहिली आली. निकालाच्या दिवशी बसस्टँडवर ती मंठ्याच्या गाडीची वाट पाहत होती. न राहवून मी तिला सगळं सांगून टाकलं.

"म्हाईत होतं मला," ती म्हणाली. "ग्रंथालयातल्या मॅडमनी तवाच सांगितल्तं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"माझी मीच गणितं करून पाहून राह्यले होते. मजा येत होती."

तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ती खरंच रागावलेली नव्हती, आणि त्याचाही मला हेवा वाटला.

आता ती पुण्यात संशोधन करते. मी अंबडला ज्युनियर कॉलेजात शिकवते. मागच्या दिवाळीनंतर ती गावी आली होती, तेव्हा माझ्या वर्गात येऊन तासभर बोलली. एरवी खिडकीबाहेर बघणारी पोरं तिच्यासमोर हलली नाहीत. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते, आणि यातली किती पोरं माझ्या तासाला अशी बसतात ते मोजत होते.

ती गेल्यावर एका मुलीने विचारलं, "मॅडम, त्या परत कधी येणार?"

विचारून सांगते, म्हणाले. अजून विचारलेलं नाही.