वजिराचं पुढं काय झालं

परदेशी कामगाराच्या जागी सौदी माणूस बसवायचा, या सौदीकरणाचं वारं अल सुलैच्या गोदामांपर्यंत पोचलं तेव्हा माझा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, संपत आला होता. नळाच्या सुट्या भागांच्या गोदामात मी स्टोअरकीपर. एका सकाळी माझ्या टेबलाशेजारी दुसरी खुर्ची आली आणि तिच्यावर एक सौदी गृहस्थ येऊन बसला. हसतमुख, अत्तर लावलेला. काम शिकायला आलोय म्हणाला. त्याची खुर्ची माझ्यापेक्षा चांगली होती, तेव्हाच मी काय ते समजलो.

कॅम्पवरचे रत्नागिरीवाले म्हणाले, कफीलला, म्हणजे इकामा वाढवून देणाऱ्या मालकाला, खूश कर. आता मला येतं काय? जुम्म्याच्या जेवणानंतर खोलीत मी बादशहांच्या आणि स्वाऱ्यांच्या गोष्टी सांगायचो. त्यात बगदादच्या खलिफाचा वजीर ही माझी हुकमी गोष्ट. खलिफा आणि तो एका ताटात जेवायचे. वजिराच्या दानतीची कीर्ती अशी की मुलुखामुलुखाचे शायर त्याच्या दारात मुक्काम ठोकायचे. शेवटी खलिफा आपल्या लाडक्या बहिणीचा निकाह त्याच्याशी लावतो. तिथं मी थांबायचो, कारण माझ्या काकांनी मला गोष्ट तिथपर्यंतच सांगितली होती. आणि बायका गावाला ठेवून आलेल्या माणसांना निकाहाच्या पुढचं ऐकायची घाई नसायची.

गुरुवारी कफीलनं आम्हा दोघांना कॉफीला बोलावलं. तिथं कप हलवून दाखवला की 'पुरे'. माझा हात इतका थरथरत होता की ओतणाऱ्यानं पहिल्याच घोटानंतर माझा कप काढून नेला. हे मला अपशकुनासारखं वाटलं. रिकाम्या हातांचं काय करावं कळेना, म्हणून मी बोलत सुटलो. मोडक्या अरबीत 'या शेख', म्हणजे 'अहो शेख', अशी हाक मारून म्हटलं, तुम्ही त्या खलिफासारखे आणि मी तुमचा वजीर. मग एक ताट, दानत, बहीण, सगळं सांगितलं. बहिणीपाशी तर जरा रंगलोच.

नवा माणूस कपात तोंड घालून बसला. कफीलचा चेहरा हलेना. आणि मग मला आठवलं की गोदामात अर्धा हिस्सा त्याच्या विधवा बहिणीचा आहे.

"पुढं?" त्यानं विचारलं.

"पुढं सुखात राहिले, या शेख."

"खलिफानं त्याचं मुंडकं उडवलं," कफील म्हणाला. "धड पुलावर टांगलं. हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हतं, हे मी तीन-चार तऱ्हांनी सांगितलं. गोष्ट काकांची, काका सध्या रत्नागिरीतच असतात, हेही सांगितलं. जणू गुन्हा तिकडं नोंदवून घेता येईल.

कफीलनं हातातल्या तसबीचा, जपमाळेचा, एक मणी सरकवला. मग म्हणाला, "त्या वजिराला सतरा वर्षं मिळाली. तुला एक देतो. तेवढ्यात याला सगळं शिकव."

परतताना गाडी नवा माणूस चालवत होता, गुणगुणत. मी शेजारी बसून हिशेब लावत होतो: सगळं शिकवलं तर वर्षानं संपलो, नाही शिकवलं तर उद्याच.

शनिवारी मी त्याला पितळी व्हॉल्व्हच्या मांडणीपुढं उभं केलं. सगळे इतके सारखे दिसायचे की मीसुद्धा अजून चुकायचो. तो दिवसभर मन लावून उचलून पाहत राहिला आणि निघताना म्हणाला, उद्या कुठली मांडणी?

"उद्याही हीच," मी म्हटलं.