मांडीखालचा प्लग

देवासला आमच्या गल्लीत एक वेल्डर आहे, लोखंडी जाळ्या, फाटकं बनवतो. बायको गेल्यापासून घरात करमत नाही, म्हणून मी रोज त्याच्या दुकानात बसतो. ग्राइंडरची चकती बदलायची तर बटण बंद करून त्याचं भागत नाही. उठून प्लग काढतो, मांडीखाली घेतो, मग चकतीला हात लावतो.

मी म्हणायचो, "भिया, अंडं उबवतोस का?"

"उबवू द्या ना, काकासाब," एवढंच म्हणायचा.

परवा तो चकती बदलत होता. उकडत होतं, म्हणून मी पंखा लावायला उठलो आणि चुकून भिंतीवरचं ग्राइंडरचं बटण दाबलं. त्याच्या हातातल्या ग्राइंडरचा खटकाही चालूच राहिला होता. बोटं चकतीवर.

काहीच फिरलं नाही. प्लग मांडीखाली होता.

त्यानं खटका बंद केला, माझ्याकडे पाहिलं. "हो गया? आता पंख्याचं दाबा."

मी पंखा लावला आणि मटकन बसलो. इतकं हायसं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

बायको घरातून निघताना गॅस दोनदा बघायची. तिलाही मी असाच हसायचो.