दगड मुरेपर्यंत

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या पद्माताईचे यजमान मुकुंदराव, चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला, म्हणजे रंगकामाच्या विभागात, सुपरवायझर. माणूस शांत, पण हट्टी. कुणाला काही विचारायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो. रस्ता चुकले तरी विचारणार नाहीत. मोठा वळसा घालून येतील आणि वर "इकडून जरा मोकळं होतं" म्हणतील. मला या स्वभावाचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

रहाटणीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. तिच्यात पांढऱ्या पट्ट्यांच्या नारिंगी माशांची जोडी. माझा भाचा शार्दूल याने ती हौसेने आणली आणि तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला. तेव्हापासून ताई त्या दोघांशी बोलते. आज भाजी कुठली केली तेसुद्धा सांगते. मी तिला चिडवते, पण ते मासे गेले तर ती कोलमडेल हे मला ठाऊक आहे.

टाकीत आणखी लाइव्ह रॉक घालायचं भावोजींनी मनावर घेतलं. दगडच, पण भोकाभोकांचे, आत बारीक जीव राहणारे. तेच पाणी स्वच्छ ठेवतात. हिंजवडीत एकाने आपली टाकी मोडली, त्याच्याकडून भावोजींनी ते ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून आणले. वाटेत ट्रॅफिकमध्ये कागद वाळले आणि आतले बरेचसे जीव मेले. असे दगड तसेच टाकीत घातले तर मेलेलं कुजतं, पाणी विषारी होतं आणि मासे तडफडून मरतात. म्हणून ते आधी वेगळ्या टबात, खाऱ्या पाण्यात, पंप लावून मुरत ठेवायचे. घाण ब्रशने खरवडायची, पाणी बदलत राहायचं. पिंपरीच्या दुकानदाराने खूण सांगितली होती: कुजका वास जाऊन समुद्राचा वास आला, की दगड तयार.

टब गॅलरीत ठेवला आणि बिल्डिंगभर दुर्गंधी सुटली. भावोजी मात्र त्याच्याशेजारी खुर्ची टाकून खुशाल चहा पीत बसायचे.

त्या गुरुवारी मी गेले तेव्हा घरातलं वातावरण तापलेलं होतं. सकाळी दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस सुटत राहिला, आणि भावोजी ओट्याला टेकून मोबाईल बघत उभे. ताई आंघोळीहून आली आणि किंचाळलीच. "लक्ष कुठे असतं तुमचं?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्यात गुरुवार, म्हणजे कंपन्यांना सुट्टी आणि दुरुस्तीसाठी वीज बंद. हॉलमधल्या टाकीला बॅटरी होती, टबाला नव्हती. त्याचा पंप सकाळपासून थांबलेला, वर ऊन.

दुपारी सोपानराव आले. बिल्डिंग त्यांच्याच जमिनीवर उभी आहे; सोसायटीचे अध्यक्ष तेच, आणि मागच्या गोठ्यात अजून म्हशी पाळतात.

"मुकुंदराव, सूनबाईला मळमळाया लागलंय. सांजच्या आत ह्ये हलवा, न्हाईतर मी गटारात वतून देईन."

ते गेले. भावोजी गॅलरीत जाऊन टबावर वाकले, लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "झालं की! समुद्राचा वास येतोय. आत्ताच टाकू."

मी ओढणी नाकाला लावली तरी वास आत घुसला. सडक्या अंड्यांचा भपकारा होता तो. "भावोजी, चेष्टा करताय का?"

ते हसले नाहीत. दगड उचलून थेट हॉलमध्ये गेले, टाकीचं झाकण सरकवलं. खायला मिळणार म्हणून दोन्ही मासे वर आले.

"अहो, थांबा!" ताईने धावत येऊन त्यांचं मनगट धरलं. दगड पाण्यापासून जेमतेम वीतभर वर. "कुजलाय हा! कळत नाही तुम्हाला?"

"समुद्राचा वास असाच असतो. तुला माहीत नाही."

ताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा आवाज एकदम खाली आला. "सकाळी गॅसचाही आला नव्हता ना?"

भावोजींची पकड सैल झाली. दगड निसटला असता तर सगळंच संपलं असतं. मी धावत बादली आणून मध्ये धरली, तेव्हा त्यांनी तो सोडला.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"आधी थिनरचा वास येईनासा झाला. मग कशाचाच. कंपनीत कळलं तर पेंट शॉपमधून काढतील."

"मी काय कंपनी आहे?"

भावोजींनी टाकीचं झाकण परत सरकवलं.

"मग रोज दारातूनच म्हणता, वा, आज मेथी का?"

"सकाळी तू निवडत असतेस. तेव्हा बघून ठेवतो."

ताई रडायला लागली. मला त्यांचा फार राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

सोपानरावांना मीच जाऊन सगळं सांगितलं. "गोठ्यामागं ठेवा टब," ते म्हणाले. "म्हशी काय तक्रार करत न्हाईत. वायर आमच्यातनं घ्या."

भावोजींनी कंपनीच्या डॉक्टरांना सांगितलं. आता ते स्टोअरला आहेत आणि तिथे त्यांचं मन रमत नाही. संध्याकाळी दोघं गोठ्यामागे जातात. भावोजी दगड खरवडतात, ताई एकेक नाकाशी नेऊन बघते. परवा मी सोबत होते. ताईने एक दगड हुंगला, फिरवून पुन्हा हुंगला. भावोजी ब्रश हातात धरून थांबले.

"कसा येतोय?" त्यांनी विचारलं.

"अजून कुजकाच," ताई म्हणाली.

त्यांनी दगड तिच्या हातून घेतला आणि पुन्हा खरवडायला बसले.