माश्यांवर संशोधन करणारी

नारायणगावला एसटीत माझ्या शेजारी बसलेली ती मुलगी सारखा गुडघा हलवत होती. पुण्यात फळमाश्यांवर संशोधन करायची. घरी, पिंपळवंडीला, तिला बघायला पाहुणे येऊन बसले होते आणि होकार आईबापांनी आधीच कळवून टाकला होता. आईचा फोन आला की ती मोबाईल मांडीवर पालथा घालायची.

"एकदा मिलन झालं की मादी पुढच्या नराला लाथा मारून हाकलते," ती म्हणाली. "तिच्यातलं एक जनुक बंद केलं, की नकारच देत नाय."

लग्नाला मुलीची संमती हवी, अशी पत्रकं मी वाटत फिरते. म्हटलं, "बघा, माशीलासुद्धा नकार देता येतो! छापायलाच हवं हे."

ती उसळली. "छापा की! माशीपुढं तिची आई रडत बसत नाय, ताई."

आईच्या रडण्याला पुरून उरेल असं एकही पत्रक आम्ही आजवर काढलेलं नाही.

"पिंपळवंडी!" कंडक्टर ओरडला. ती उठली, ओढणी सावरली आणि परत बसली.

"ओ ताई, गाव मागं राहील की!" कंडक्टर तिला म्हणाला.

"राहू द्या," ती म्हणाली. "पुढचं आळेफाट्याचं तिकीट द्या."