हाताची घडी, तोंडावर बोट

आमच्या मजल्यावर पोलंडहून आलेली एक शिक्षिका राहते. बोनकोड्यातल्या एका शाळेत ती बिनपगारी शिकवते. मराठी ती दुसरीच्या मुलांकडून शिकली, त्यामुळे लिफ्टमध्ये भेटली की त्यांच्यासारखीच तक्रार करते. "काका, सेक्रेटरी मला सारखे ओरडतात."

दिवाळीच्या सुट्टीत तिचे आईवडील आले. पंधरा दिवस तिने त्यांना वर्गासारखं सांभाळलं. वाशीला फिरायला निघताना ती दोघांना रांगेत उभं करून पाण्याच्या बाटल्या तपासायची. दोघं भांडू लागले की हुकूम सुटायचा, "हाताची घडी, तोंडावर बोट!" मराठीचा दुसरा शब्दही न कळणारे, सत्तरीतले ते दोघं लगेच तसे बसायचे.

"आई मला घरी न्यायला आलीय," एकदा ती म्हणाली. "तिसरं तिकीटपण काढलंय. मी नाय जाणार. बाबा माझ्या बाजूने आहेत, पण ते घाबरतात."

काल टॅक्सी आली. बॅगा दोघांच्याच होत्या. गेटवर आईने लेकीचा दंड धरला आणि त्यांच्या भाषेत बोलू लागली. ते लवकर संपणारं दिसत नव्हतं. लेक अगदी हळू म्हणाली, "हाताची घडी, तोंडावर बोट."

आईने दंड सोडला. घडी घातली, ओठांवर बोट ठेवलं. डोळे वाहत होते. मग बाबांनी ठेवलं, वॉचमनने ठेवलं. चौथा मी होतो.

टॅक्सीवाल्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि स्टिअरिंगवरचे हात काढून घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं.

"मॅडम," तो बोटाआडून म्हणाला, "आता गाडी कोन चालवनार?"