रुमालाखालचा हात

"आबा, नाना उठूनच नाही राह्यले."

मिनू, माझी चार वर्षांची नात, सकाळी तक्रार घेऊन आली. मी म्हटलं, "सांग त्याईले, चहा थंडा होऊन राह्यला." ती गेली आणि कमरेवर हात ठेवून परतली. "आयकतच नाही नं!" मग मी उठलो...

नाना माझे थोरले भाऊ. एका घरात राहून आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. जे असेल ते मिनूमार्फत. पण पोरगी निरोप कमी, दलाली जास्त करायची. मी म्हणायचो, "इचार त्याईले, मोटर काहून चालू ठेवली?" तर येऊन सांगायची, "आबाचंच डोकं बंद करा म्हन्ते."

"असं म्हनले नाना?"

"नाही. मीच म्हनलो."

तिकडे नाना खोकत हसायचे. मी दात आवळून बसायचो. हसलो असतो तर हरलो असतो.

मी बैलांचा व्यापारी. दुसऱ्यांचे बैल हाकत स्वतःची दावण उभी केली. आमच्यात भाव तोंडानं ठरत नाही. रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची. हात आत असेपर्यंत सौदा तुटत नाही आणि तिसरा मध्ये पडत नाही. दारव्ह्याच्या बाजारात माझा सौदा जमत आला असताना नानांनी वरचा रुमाल ओढला. गिऱ्हाइकाला म्हणाले, "भाऊ, हा बैल जुवाखाली बसते." बैल एकदाच बसला होता, तोही भर उन्हात. मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. सगळ्या बाजारासमोर माझा शब्द मोडला, आणि त्याबद्दल पुढे नानांचा चकार शब्द नाही. तेव्हापासून आमचा अबोला.

आजारपणात खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मिनूला हा बोटांचा खेळ शिकवला. शेवटच्या संध्याकाळी ती त्यांचा पांढरा रुमाल घेऊन माझ्याकडे आली.

"आबा, नानानं बलावलं. हात घाला म्हन्ते."

"सांग त्याईले, आंधी तोंडानं बोला."

या खेपेला ती बराच वेळ आली नाही. आली ती एवढंच सांगत, "बरं म्हन्ते. थांबतो म्हन्ते."

थांबले नाहीत.

बैलाबद्दल मी आजही तेच म्हणेन. राग आहे, तसाच आहे. आता भांडायलाही समोर कोणी नाही, हा त्यांनी दिलेला दुसरा ताप. रुमाल त्यांच्या खोलीत खुंटीवर असतो. मिनू तो ओढून आणते, माझ्या हातावर टाकते आणि आतून माझं बोट घट्ट धरते.

"कितीले?" मी विचारतो.

"थांबा, नानाले इचारून येतो."

ती रिकाम्या खाटेकडे पळते. तिथं तिला दुसरं काही सापडतं, आणि ती विसरते. मी मात्र हात काढत नाही.